तुरळक ठिकाणी

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा बसथांबा आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची पहिली दोन वर्षं मी या थांब्यावरून ये-जा केली. पुण्यात सिमला कुठून आलं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पुण्यात खुन्या मुरलीधर आहे, उपाशी विठोबा आहे, तसंच हेही एक नाव असेल असं वाटायचं. कंडक्टर ओरडायचा, माणसं उतरायची, बस पुढे जायची.

प्रश्न पडला तो गेल्या वर्षी एप्रिलमध्ये. तेव्हा मी खऱ्या सिमल्याच्या वरच्या अंगाला एका सफरचंदाच्या बागेत उभा होतो आणि बाहेर गारा पडत होत्या.

कंपनीतल्या एका मित्राचं गाव कोटगढ भागात आहे. याच भागात सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ साली रेड डिलिशस सफरचंदाची झाडं लावली आणि हिमाचलचं नशीब बदललं. एप्रिलमध्ये ही झाडं फुलावर असतात. पांढरी, कडेला गुलाबी फुलं. पण लांबून बघितलं तर फुलं दिसतच नाहीत. दिसतात त्या जाळ्या. अख्ख्या डोंगरउतारावर झाडांच्या डोक्यावरून पांढऱ्या जाळ्या ताणलेल्या. आधी मला वाटलं, पाखरांसाठी असतील. मित्राचे वडील म्हणाले, "नहीं बेटा, ओले के लिए." गारांसाठी. फुलावर असताना दहा मिनिटं गारा पडल्या की त्या फांदीचं वर्ष संपलं.

दुपारी माझ्या फोनवर 'येलो अलर्ट' आला होता. मित्राच्या वडिलांनी फोनकडे बघितलंही नाही. त्यांनी पश्चिमेकडच्या डोंगराकडे बघितलं आणि जाळीच्या दोऱ्या तपासायला गेले. चारच्या सुमारास आभाळ काळं झालं. गारा पंधरा मिनिटं पडल्या. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये उभे होतो आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. थांबल्यावर बघितलं तर जाळ्या गारांच्या वजनाने झोळीसारख्या खाली आल्या होत्या. त्यांच्या खाली फुलं होती. सगळी नाही, पण होती. शेजारच्या बागेला जाळी नव्हती. तिथे जमीन पांढरी झाली होती. त्यात गारा किती आणि पाकळ्या किती हे सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. सिमला, कालका, अंबाला आणि मग दिल्लीचा हायवे. बैसाखी दोन दिवसांवर आली होती, म्हणजे गहू कापणीला आलेला. कुरुक्षेत्राच्या अलीकडे शेतं दिसायला लागली आणि मी खिडकीला चिकटलो. गहू आडवा पडला होता. पट्टेच्या पट्टे, कुणीतरी वरून हात फिरवावा तसे एकाच दिशेने. ढाब्यावर गाडी थांबली तेव्हा एक शेतकरी भेटला. काल संध्याकाळी वादळ आलं, म्हणाला. आडवा पडलेला गहू हार्वेस्टरला नीट उचलता येत नाही. दाणा भिजला की चमक जाते आणि चमक गेली की मंडीत भाव कमी.

काल संध्याकाळी! म्हणजे आम्ही डोंगरात शेडमध्ये उभे होतो, जवळजवळ त्याच वेळी. डोंगरातली गार आणि मैदानातला हा वारा एकाच हवामानाची दोन टोकं होती. माझ्या फोनवर मात्र सिमल्याचा अंदाज वेगळ्या पानावर होता आणि अंबाल्याचा वेगळ्या.

त्या हवामानाला 'पश्चिमी झंझावात' म्हणतात. उत्तरेत पोरासोरांनाही 'पश्चिमी विक्षोभ' हा शब्द माहीत असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूला हवेची एक खळबळ तयार होते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरून वाहणाऱ्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांसोबत इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन आदळते. थंडीच्या दिवसांत ती डोंगरात बर्फ आणि मैदानात रिमझिम पाऊस देते. त्या पावसाला गव्हाचा शेतकरी आशीर्वाद देतो. पण मार्च-एप्रिलमध्ये गणित बदलतं. खाली जमीन तापलेली असते आणि वर तोच थंड वारा येत असतो. खालची गरम हवा वेगाने वर उसळते, ढग उंच चढतो आणि त्यातलं पाणी गोठून गारा होतात. पावसाळ्यातही ढग उंच असतात, पण तेव्हा गोठणबिंदूची पातळी बरीच वर असते आणि गार खाली येईपर्यंत वितळते. वसंतात तिला वितळायला तेवढा वेळ मिळत नाही. वारा तोच, पण डिसेंबरचा आशीर्वाद एप्रिलमध्ये शाप होतो.

याची सगळ्यात मोठी नोंद मैदानातली आहे आणि तीही डोंगराच्या पायथ्याची. ३० एप्रिल १८८८ रोजी कुमाऊँच्या टेकड्यांच्या खाली, मुरादाबादच्या परिसरात गारपीट झाली आणि २४६ माणसं मेली. २०१७ साली जागतिक हवामान संघटनेने हवामानामुळे झालेल्या मृत्यूंचे विक्रम जाहीर केले, त्यात गारपिटीच्या रकान्यात आजही हीच नोंद आहे. गारा क्रिकेटच्या चेंडूएवढ्या होत्या असं त्यात म्हटलंय. मेलेले बहुतेक लोक उघड्यावर सापडलेले होते. शेतात, रस्त्यावर, गुरांमागे.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की १८८८ मध्ये आपल्याकडे हवामान खातं होतं का? तर होतं. १३ वर्षांचं होतं. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं, त्यानंतर दुष्काळ पडले आणि १८७५ साली हे खातं सुरू झालं. पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. तो मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. त्याच्यापुढे प्रश्न गारांचा नव्हता, दुष्काळाचा होता. पण उत्तर शोधायला तोही हिमालयाकडेच गेला. वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडलं आणि उशिरापर्यंत टिकलं, तर त्या वर्षी मैदानातला पावसाळा कमजोर जातो, असं त्याला दिसलं. १८८४ मध्ये त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि १८८६ पासून त्या आधारावर मान्सूनचे नियमित अंदाज निघू लागले. म्हणजे आपल्या देशातला पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाजसुद्धा 'डोंगर आणि शेजारचं मैदान' याच जोडीवर उभा होता.

ब्लॅनफर्डनंतर जॉन इलियट आला. त्याने भारतातल्या गारपिटींच्या नोंदी गोळा केल्या, उत्तरेतल्या थंडीच्या वादळांवर लिहिलं. पण त्याचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं ते १८९९ मुळे. त्या वर्षी खात्याचा अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि पडला तो भीषण दुष्काळ. राजस्थान-गुजरातमध्ये त्याला अजून 'छप्पनिया' म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ होतं. लाखो माणसं मेली. ती काही अंदाज चुकल्यामुळे मेली नाहीत. पाऊस पडला नाही आणि सरकारने हात आखडता घेतला म्हणून मेली. पण अंदाज चुकला होता हे खरं. त्यानंतर अंदाज सांगणाऱ्यांची भाषा जपून पावलं टाकू लागली.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर आला. हा केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्रज्ञ नव्हेच. बूमरँग कसं उडतं यावर त्याचा अभ्यास होता आणि मित्र त्याला 'बूमरँग वॉकर' म्हणायचे. त्याच्या काळात, १९०५ मध्ये, खात्याचं मुख्यालय सिमल्याला गेलं. तिथे बसून त्याने जगभरातल्या हवामानाच्या आकड्यांचे एकमेकांशी असलेले संबंध काढायला सुरुवात केली. ही आकडेमोड हाताने करणारे भारतीय कारकून होते. आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो ते काम करणारी माणसं! त्या कागदांमधूनच पुढे प्रशांत महासागर आणि आपला पाऊस यांचं नातं सापडलं. त्याच वॉकरने पुढे ऋतूंच्या अंदाजाला 'फोरकास्ट' म्हणू नये, 'फोरशॅडो' म्हणावं असं सुचवलं. येणाऱ्या ऋतूची नुसती सावली आपल्याला दिसते, एवढाच दावा करावा, असं त्याचं म्हणणं. गणितात इतका पक्का माणूस शब्द निवडताना इतका सांभाळून होता.

मैदानात याच काळात दुसरं काम चालू होतं. १९१४ मध्ये आग्र्याला वरच्या हवेचा अभ्यास करणारी वेधशाळा निघाली. फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचा. खाली लू वाहत असताना, धूळ उडत असताना, वर काही किलोमीटरवर वारा कुठून आणि किती जोरात वाहतो ते या फुग्यांनी दाखवलं. गारपिटीचं अर्धं कोडं त्या वरच्या वाऱ्यात होतं आणि ते जमिनीवरच्या थर्मामीटरला कधीच दिसलं नसतं. पुढे १९५६ मध्ये पिशारोटी आणि देसाई या दोघांनी पश्चिमी झंझावातांवर लिहिलेला लेख आजही अभ्यासक वाचतात. याच पिशारोटींकडे नंतर पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेची सूत्रं आली.

आणि पुणे? १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. माणसं आली, कागद आले, उपकरणं आली आणि सोबत नावही आलं. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, नाव मात्र शिवाजीनगरच्या थांब्यावर राहिलं. मी सहा वर्षं ज्या थांब्यावर उतरत होतो, तिथल्या दगडी इमारतीत कधीकाळी सबंध हिमालयाचं हवामान तारेने येऊन पडत होतं.

डोंगरावरच्या हवामानाची सगळ्यात जास्त काळजी कुणासाठी घेतली गेली, हेही बघण्यासारखं आहे. १९५३ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेसाठी आकाशवाणी खास हवामान वार्तापत्र प्रसारित करत होती. तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले ते २९ मे रोजी, वसंत आणि मान्सून यांच्यामधल्या फटीत. ती फट शोधणं हाच सगळा खेळ असतो. भारतीय मोहिमांनी त्याची किंमत मोजली. १९६० मध्ये आपली तुकडी शिखराच्या सुमारे ७०० फूट खालून परत फिरली, १९६२ मध्ये सुमारे ४०० फूट खालून. दोन्ही वेळा कारण हवामान. १९६५ मध्ये कॅप्टन मोहनसिंग कोहलींनी हवा बिघडलेली बघून माणसं खाली घेतली, वाट बघितली आणि मग २० ते २९ मे या दहा दिवसांत चार वेळा मिळून नऊ जण शिखरावर पोचले.

मला या गोष्टीत शिखरापेक्षा ते खाली येणं महत्त्वाचं वाटतं. अंदाज उपयोगी पडला, कारण ऐकणाऱ्याला काहीतरी करता येत होतं. गिर्यारोहकाला बेस कॅम्पला परत बोलावता येतं. गव्हाला नाही बोलावता येत.

इथे मला माझ्या घराबद्दल सांगायला हवं.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. मार्च २०१४ मध्ये माझी बारावीची परीक्षा चालू होती. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र सगळीकडे गारपीट झाली. तिचं मूळही त्याच पश्चिमी वाऱ्यांत होतं. हिमालयाकडे जाणाऱ्या त्या प्रवाहाला दक्षिणेकडे खोल वाक पडला, वरची थंड हवा आमच्यापर्यंत उतरली आणि तिला समुद्रावरून आलेलं बाष्प मिळालं. हे मला आत्ता कळतंय. तेव्हा एवढंच कळलं होतं, की शेतात हरभऱ्याचा ढीग पडलाय, ज्वारी उभी आहे आणि पत्र्यावर कुणीतरी दगड मारतंय. सकाळी बाबांबरोबर शेतात गेलो. ज्वारीचे नुसते दांडे उभे होते. बांधाच्या सावलीत गारा अजून वितळल्या नव्हत्या. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तू जा, पेपर हाय तुझा."

अंदाज नव्हता का? होता. घरी येणाऱ्या पेपरात आदल्या दिवशी दोन ओळी होत्या. 'तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता'. बाबांनी त्या वाचल्याही होत्या. 'तुरळक' म्हणजे थोड्या ठिकाणी आणि थोड्या ठिकाणी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात, असाच अर्थ कुणीही घेईल.

हा शब्द काय आहे ते मला परवापरवा समजलं. हवामान खात्याच्या भाषेत तो मोजून वापरलेला असतो. एखाद्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी' आणि त्यापुढे 'बऱ्याच' व 'बहुतांश'. म्हणजे 'तुरळक' हा पसाऱ्याचा शब्द आहे, जोराचा नाही. जिथे पडेल तिथे थोडं पडेल असं तो म्हणतच नाही. पण पेपरातून घरात शिरताना तो शब्द आपला अर्थ बदलतो.

मी ज्या कंपनीत काम करतो तिथे सर्व्हर बिघडला की ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो, मग रात्रीचे दोन का असेनात. त्या प्रत्येक इशाऱ्याला एक कागद जोडलेला असतो. हा इशारा आला तर आधी हे तपासा, मग हे करा, नाही जमलं तर याला उठवा. असा कागद नसलेला इशारा आम्ही काढून टाकतो. कारण ज्यावर काही करता येत नाही असा इशारा माणसं आठवड्याभरात ऐकायची बंद होतात. फोनवरचा येलो अलर्ट न बघणारे कोटगढचे बागायतदार अडाणी नव्हते. त्यांच्याकडे त्यांचा कागद होता. जाळी लावलेली होती, दोऱ्या तपासायच्या होत्या.

हवामान खात्याला हे कळत नव्हतं असंही नाही. शेतीच्या हवामानाचा विभाग १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या हाताखाली सुरू झाला, तोही पुण्यातच. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीची हवामान वार्तापत्रं रेडिओवरून जाऊ लागली. आज दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला निघतो, त्यात पीक कापावं की थांबावं हेही असतं. हिमाचलमध्ये कुफरी, जोत, मुरारी देवी इथे डॉपलर रडार बसले आहेत. मैदानातल्या रडारला डोंगराच्या आडचं दिसत नाही, म्हणून ते डोंगरातच लावावे लागतात. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप पुण्यातच तयार झालं. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यातल्याच संस्थेने तयार केलेली, देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज देणारी प्रणाली सुरू झाली. गारांचा ढग मात्र बऱ्याचदा अशा एका चौकोनातसुद्धा मावतो आणि तासाभरात संपतो. तो उद्या नेमका कुठल्या शिवारावर फुटेल हे दोन दिवस आधी सांगणं आजही कुणाच्या हातात नाही. 'तुरळक' हा शब्द त्यामुळे इतक्यात जाणार नाही. खाली काय करायचं याचा कागद त्याला जोडता येईल, एवढंच. कुणी जाळीला अनुदान देईल, कुणी दोन दिवसांसाठी ताडपत्री देईल, कुणी मळणीयंत्र.

मी माझ्यापुरता तो कागद केला. या मार्चमध्ये आमच्या जिल्ह्याला 'तुरळक ठिकाणी गारपीट' असा इशारा आला. मी रडारची चित्रं बघितली, वरच्या वाऱ्याचे नकाशे बघितले आणि बाबांना फोन केला. म्हटलं, जेवढी निघेल तेवढी ज्वारी काढून घ्या, हरभरा झाका. त्यांनी जास्तीची मजुरी देऊन माणसं लावली. दोन दिवसांत निम्मी ज्वारी काढली. कणसं अजून थोडी ओलसर होती.

आमच्या शिवारात एक थेंब पडला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गारा पडल्या त्या आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावात. अंदाज शब्दाला शब्द बरोबर होता. चूक म्हणावी तर माझीच होती. सबंध जिल्ह्याचा इशारा मी एका शेतावर आणून ठेवला होता. त्या रात्री मला इलियट आठवला. चुकलेल्या अंदाजाचं ओझं काय असतं हे मला अगदी छोट्या प्रमाणात, काही हजार रुपयांच्या मजुरीएवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन करायला मी कचरत होतो. शेवटी त्यांचाच आला. मजुरी किती गेली ते त्यांनी नीट सांगितलं, रुपयासकट. त्या दुसऱ्या गावात आमच्या आत्याचं शेत आहे, तिथे काय झालं तेही सांगितलं. मी म्हटलं, "बाबा, माझ्यामुळं उगाच खर्च झाला."

ते थोडा वेळ थांबले. म्हणाले, "आक्काला पण सांगायचं हुतं की मग." आणि फोन ठेवताना म्हणाले, "फुडच्या टायमाला तिलाबी फोन कर."